अंगणातलं रान : माकडांची वाट कोण आखतं?



आमच्या खमरियात सकाळी दोन गोष्टी चुकत नाहीत. एक, कारखान्याचा भोंगा. दुसरी, भोंग्यानंतर थोड्याच वेळात छपराच्या कवेलूंवर होणारी धपधप. भोंगा झाला की माणसं सायकली-स्कूटर काढून फाटकाकडे निघतात आणि माकडांची टोळी आमच्या क्वार्टरांच्या ओळीकडे निघते. लग्न होऊन १९९४ मध्ये मी अमरावतीहून इथे आले, तेव्हा सासूबाई गमतीनं म्हणाल्या होत्या, "बघ, यांचीपण शिफ्ट लागली."

बरीच वर्षं मला तो योगायोग वाटायचा. मग एकदा ताप आला म्हणून आठवडाभर खिडकीशी पडून होते, तेव्हा उलगडा झाला. माकडांना भोंग्याशी काही देणंघेणं नाही. भोंगा झाला की डबे भरून झालेले असतात, घरातली पुरुषमाणसं बाहेर पडलेली असतात आणि रात्रीची उरलेली पोळी, भाजीची सालं, केळ्याची साल हे सगळं त्याच अर्ध्या तासात बाहेर पडतं. टोळी घड्याळ वाचत होती ते आमच्या स्वयंपाकघराचं.

आजचा लेख त्याबद्दलच आहे. माकड कुठे जाणार, किती चालणार, कुठे थांबणार हे कोण ठरवतं? उत्तर एका शब्दात देता येतं: पोट. पण त्या एका शब्दामागे केवढं काय काय दडलंय, ते जरा निवांत बघू या.

आमचं गाव, थोडक्यात

ज्यांनी जबलपूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. खमरिया म्हणजे जबलपूर शहराच्या पूर्वेकडची वस्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये इथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, तीच आमची आयुध निर्माणी. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत आहे आणि गंमत म्हणजे त्या कंपनीचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. कारखान्याभोवती जुनी इस्टेट, ईस्ट लँड, वेस्ट लँड, रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडं. आणि जवळच डुमन्याचं जंगल, खंदारी तलाव, चितळ, रानडुकरं. कधी कधी बिबट्यासुद्धा.

थोडक्यात, आमच्याकडे रान कुठे संपतं आणि अंगण कुठे सुरू होतं, हे नक्की सांगता येत नाही. माकडांना तर मुळीच नाही.

वानर वेगळं, माकड वेगळं

इथे मराठी भाषेचं कौतुक करायला हवं. शेजारच्या चाची लाल तोंडाच्याला बंदर म्हणतात, काळ्या तोंडाच्याला लंगूर. आपल्याकडेही दोन शब्द आहेत. काळ्या तोंडाचं, करड्या अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर. लाल तोंडाचं, आखूड शेपटीचं, खमकं ते माकड. आपल्या पूर्वजांनी त्यांना एका नावात कोंबलं नाही, कारण दोघांची वागणूक वेगळी आहे. आणि वागणूक वेगळी, कारण पोटं वेगळी.

वानराचं पोट गाईच्या पोटासारखं अनेक कप्प्यांचं असतं. त्यात सूक्ष्म जीव राहतात आणि ते पानं आंबवून पचवायला मदत करतात. त्यामुळे जी जून, चिवट पानं आपण तोंडातही घालू शकणार नाही, त्यांवर वानर दिवस काढतं. पण अशा अन्नात ताकद कमी आणि ते पचायला वेळ फार. म्हणून तुम्ही पाहिलं असेल, वानरं दुपारी फांदीवर शेपट्या सोडून तासन्‌तास बसलेली असतात. ती आळशी नाहीत. त्यांच्या पोटात कारखाना चालू असतो.

माकडाच्या पोटात असला कारखाना नाही. त्याच्याकडे आहेत गालातल्या पिशव्या. घाईघाईत मिळेल ते गालात भरायचं, सुरक्षित जागी पळायचं आणि तिथे बसून खायचं. फळं, बिया, कोवळी पानं, मुळं, किडे, आणि हो, पोळी, चणे, बिस्किटं. त्याला गोड आणि ताकदीचं अन्न लागतं. तसं अन्न रानात सगळीकडे नसतं. ते शोधावं लागतं.

पंगत आणि ताट

आता मुद्द्याची गोष्ट. काय खायचं एवढ्यावर वाट ठरत नाही. ते खाणं कसं पसरलेलं आहे, यावरही ठरते.

अशी कल्पना करा. गावजेवणाची लांबलचक पंगत आहे, प्रत्येकासमोर पत्रावळ आहे. कोणी धावपळ करत नाही, कोणी कोणाला ढकलत नाही. जागेवर बसलं की झालं. पानांचं तसं असतं. ती जवळजवळ प्रत्येक झाडावर असतात.

आता दुसरं चित्र. पन्नास जण आणि लाडवांचं एकच ताट. तेही आज या घरी, उद्या गावाच्या त्या टोकाला. कुठल्या घरी ताट मांडलंय हे लक्षात ठेवावं लागेल, इतरांच्या आधी पोचावं लागेल आणि पोचल्यावर धक्काबुक्कीही होईल. फळांचं असं असतं. एक जांभूळ आज लगडलंय, दहा दिवसांनी रिकामं. वडाची फळं कधी पिकतील त्याचा नेम नाही.

म्हणून ज्यांचं पोट पानांवर चालतं, त्यांना सहसा लहान प्रदेश पुरतो. ज्यांचं फळांवर चालतं, त्यांना मोठा लागतो. टिम क्लटन-ब्रॉक आणि पॉल हार्वे या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अनेक जातींची माहिती एकत्र मांडून हेच दाखवलं: टोळीचं एकूण वजन आणि तिचा आहार कळला, तर तिला केवढा प्रदेश लागेल याचा बराच अंदाज बांधता येतो.

पण नुसतं लांब चालून भागत नाही. लाडवांचं ताट शोधायला डोकंही लागतं. ही गोष्ट सगळ्यात छान दिसली ती आपल्यापासून फार दूर, पनामात.

बेटावरची दोन माकडं

आमच्या बरगी धरणात जशा टेकड्या बुडून त्यांची बेटं झाली, तसंच पनामा कालव्यासाठी पाणी अडवल्यावर तिथे एका डोंगराचं बेट झालं. त्याचं नाव बॅरो कोलोरॅडो. तिथे कॅथरीन मिल्टन या संशोधिकेनं दोन जातींच्या माकडांचा पाठपुरावा केला. एक हाउलर, म्हणजे मोठ्यानं हुंकार देणारं. दुसरं स्पायडर, लांब हातापायांचं. वजनानं दोघं साधारण सारखीच.

हाउलर पानं बरीच खातं आणि अन्न त्याच्या पोटात सुमारे २० तास राहतं. स्पायडर मुख्यतः पिकली फळं खातं आणि त्याचं अन्न जेमतेम ४ तासांत बाहेर पडतं. स्पायडरला खूप मोठा प्रदेश पालथा घालावा लागतो. आणि मेंदू? हाउलरचा सुमारे ५० ग्रॅम, स्पायडरचा सुमारे १०७ ग्रॅम. दुपटीहून जास्त!

मिल्टन यांचं म्हणणं असं की विखुरलेली फळं शोधणं, कुठलं झाड कधी पिकतं हे लक्षात ठेवणं, या गरजेनं पिढ्यान्‌पिढ्या मेंदू वाढायला मदत झाली. सगळ्यांना हे पटतं असं नाही. टोळीत राहणं, एकमेकांचे स्वभाव ओळखणं यानं मेंदू वाढला असंही अनेक शास्त्रज्ञ मानतात. पण २०१७ मध्ये १४० हून अधिक जातींची तुलना झाली, तेव्हा मेंदूच्या आकाराशी टोळीच्या आकारापेक्षा आहाराचंच नातं जास्त घट्ट दिसलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. युगांडाच्या किबाले जंगलात मँगबी नावाची माकडं आहेत. चार दिवस ऊन पडलं आणि हवा उबदार राहिली, की ती आधी पाहून ठेवलेल्या उंबराच्या जातीच्या झाडांकडे पुन्हा वळण्याची शक्यता वाढते. ढगाळ, गार दिवसांनंतर तेवढी वळत नाहीत. उन्हानं फळ लवकर पिकतं, हे जणू त्यांना ठाऊक आहे! २००६ मध्ये हा अभ्यास छापून आला. मी सासूबाईंना वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय, आपणही आढीतले आंबे ऊन बघूनच चाचपतो."

रानाचं पंचांग

परदेशातून परत आपल्या मुलखात येऊ. जबलपूरहून दीडशेच्या वर किलोमीटरवर कान्हा. तिथल्या वानरांचा अभ्यास १९८० च्या दशकात पॉल न्यूटन या संशोधकानं केला. त्यांच्या नोंदींत वानरांच्या खाण्यात जून पानांचा वाटा मोठा होता, पण ऋतूप्रमाणे कळ्या, फुलं, फळं, अगदी किडेसुद्धा होते. म्हणजे वानरही नुसतं पानांवर बसून राहत नाही. गोड मिळालं तर तेही सोडत नाही.

कान्ह्यात गेलात तर एक दृश्य नक्की बघा. झाडावर वानरं, खाली चितळं. वानरं खाताना जेवढी खातात तेवढीच सांडतात, आणि खालची चितळं ते कोवळं पान, फूल, फळ वेचतात. उन्हाळ्यात जमिनीवर हिरवं उरत नाही तेव्हा चितळांना हा मोठा आधार असतो. वर वानर वाट बदलतं, खाली चितळही बदलतं. एकाच्या पोटानं दुसऱ्याची वाट आखली.

आमच्या बाजूच्या रानाचं पंचांगही असंच आहे. थंडीत बोरं. फाल्गुनात पळस फुलतो. मग मोहाची फुलं टपटप पडतात. चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी. वैशाखात टेंभुर्णी आणि चारोळी. मृगाच्या आगेमागे जांभळं. मधूनमधून वड आणि उंबर. या पंचांगाप्रमाणे टोळी फिरते. आज या नाल्याशी, चार दिवसांनी त्या टेकडीवर. जिथे खाते तिथून बिया दुसरीकडे नेते, काही गालातून थुंकते, काही विष्ठेतून टाकते. ती चालते, म्हणून रान पेरलं जातं.

आणि या पंचांगात आम्ही माणसांनी एक नवी तिथी घातली. रोजची.

शनिवारचे चणे

आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणायचो, दर शनिवारी भिजवलेले चणे आणि गूळ घेऊन रस्त्याच्या वळणावर जायच्या. मारुतीच्या नावानं. मीही जायचे. मुलगा लहान असताना त्यालाही न्यायचे. मुठीतले चणे लहानशा काळ्या बोटांनी उचलून घेताना पाहणं, यात केवढा आनंद असतो, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. म्हणून पुढचं लिहिताना मी कोणालाही नावं ठेवत नाही. ठेवायचीच तर आधी मला.

आम्ही एकट्या नव्हतो. मंगळवारी कोणी केळी आणायचं, कोणी गाडी थांबवून ब्रेड टाकायचं. हळूहळू टोळी त्या वळणावरच राहायला लागली. विचार करा, रानात तासन्‌तास हिंडून जे मिळायचं, ते इथे पाच मिनिटांत. कोण कशाला टेकडी चढेल?

वर तीच लाडवांच्या ताटाची गोष्ट. चणे एका ढिगात पडले की सगळ्यात दांडगा नर पुढे. मग त्याच्या मर्जीतल्या माद्या. कडेवर पिल्लू असलेली कमजोर आई रस्त्याच्या कडेकडेनं, गाड्यांच्या मधून, उरलेलं वेचणार. आम्हाला वाटायचं आपण सगळ्यांना जेवू घालतोय. खरं तर आम्ही बळकटाला जेवू घालत होतो आणि दुबळ्याला डांबरावर ढकलत होतो.

२००६ च्या उन्हाळ्यात माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. बाजारातून पिशवी घेऊन येत होता. पिशवीत फक्त वह्या होत्या. पण माकडांनी एक गोष्ट शिकून ठेवली होती: पिशवी म्हणजे खाऊ. एकानं पिशवी धरली, यानं सोडली नाही, आणि तळहाताला चावा बसला. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुतला, मग इंजेक्शनं. तो बरा झाला. पण पुढची दोन वर्षं पिशवी हातात घ्यायला तयार नव्हता.

त्याच मे महिन्यात, त्याच वळणावर, एक पिल्लू ट्रकखाली आलं. त्याच्या आईनं ते सोडलं नाही. दोन-तीन दिवस ते कडेला धरून ती हिंडत होती. शनिवारी आमच्या आई चणे घेऊन गेल्या आणि तिला पाहून तशाच परत आल्या. चण्यांचं भांडं ओट्यावर ठेवलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "मीच त्यांना रस्त्यावर बोलावत होते गं."

बक्साच्या रस्त्यावरच्या बिया

त्यांचं ते वाक्य किती खरं होतं, हे मला पुढे कळलं. पश्चिम बंगालच्या उत्तरेला बक्सा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे अस्मिता सेनगुप्ता, किम मॅककॉन्की आणि सिंधू राधाकृष्ण यांनी याच लाल तोंडाच्या माकडांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्यांना दिसलं ते असं. माणसांनी खाऊ घातला की माकडं कमी हिंडतात. रानातली फळं कमी खातात, त्यामुळे बियाही कमी पसरतात आणि फार लांब जात नाहीत. त्यातल्या कितीतरी पडतात त्या डांबरी रस्त्यावर. डांबरावर बी रुजत नाही.

म्हणजे आमचा चण्यांचा एक ढीग माकडाला रस्त्यावर आणतो एवढंच नाही, तो रानातून एक माळीही काढून घेतो. उद्याचं जांभूळ, उद्याचा उंबर उगवायचा राहतो. मग रानात खायला आणखी कमी, आणि माकडं आणखी रस्त्यावर.

सातबारा आणि पोट

"मग पकडून लांब सोडून या ना!" हे वाक्य आमच्या गल्लीत दर महिन्याला एकदा तरी ऐकू येतं. अडचण अशी की टोळी गेली तरी कचराकुंडी आणि चणे तिथेच राहतात. रिकाम्या जागी दुसरी टोळी येते. आणि जिथे नेऊन सोडली, तिथल्या लोकांच्या कवेलूंवर धपधप सुरू होते. दक्षिणेकडे आपल्या सह्याद्रीतही आढळणारं टोपीवालं माकड असतं. उत्तरेकडचं लाल तोंडाचं माकड त्याच्या मुलखात शिरत चाललंय, असं २०११ मधल्या एका अभ्यासात दिसलं. माणसांनी पकडून नव्या जागी सोडणं, हे त्यामागचं एक कारण त्यात सांगितलंय.

याच्या अगदी उलट गोष्ट धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावची. तिथे ३२ एकर जमीन चक्क माकडांच्या नावावर नोंदलेली आहे! २०२२ मध्ये ही बातमी देशभर गाजली. पूर्वी गावात लग्न असलं की पहिला मान माकडांचा असायचा. केवढं हे मन! पण त्याच बातमीत गावकऱ्यांनी सांगितलं होतं की माकडांची संख्या आता कमी होऊन शंभराच्या आसपास आली आहे, कारण ती एका जागी फार काळ टिकत नाहीत.

यात उपळ्याचं काही चुकलं नाही. फक्त माकड सातबारा वाचत नाही. ते झाड वाचतं. त्या जमिनीवर वन खात्यानं झाडं लावली आहेत, हे मला त्या बातमीत सगळ्यात मोलाचं वाटलं.

आम्ही काय केलं

आईंनी पुढच्या शनिवारपासून चणे बंद केले. नैवेद्य देवळात दाखवायचा आणि प्रसाद पोरांना वाटायचा, असं ठरवलं. ओळीतल्या सात-आठ घरांनी कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं लावली. ओला कचरा मागच्या खड्ड्यात मातीखाली जायला लागला. पेरू पिकायच्या आधी उतरवायचे. खिडक्यांना जाळी. बाजारातून येताना खांद्याला अडकवायची बंद झोळी.

सोपं गेलं असं सांगितलं तर खोटं होईल. पहिले दीड-दोन महिने टोळी जास्तच चवताळली. दोरीवरचे कपडे ओढले, पाण्याच्या टाकीचं झाकण फोडलं, कवेलू तर किती गेले त्याची मोजदाद नाही. शेजारी म्हणाले, "तुमच्या चणे बंद करण्यानं आम्हाला त्रास." त्यांचंही खरं होतं. सवय मोडताना आधी ओरड होतेच, घरातल्या लहान मुलाची असो की माकडाची. पावसाळा संपेपर्यंत आमच्या ओळीतली फेरी रोजची न राहता आठवड्यातून दोनदा झाली. वळणावर मात्र गाड्यांमधून ब्रेड पडतोच आहे. ते आजही थांबलेलं नाही.

२००७ च्या पावसाळ्यात आईंनी आणखी एक गोष्ट केली. नाल्यापलीकडे, घरं आणि रस्ता दोन्हींपासून लांब, उतारावर त्यांनी दोन जांभळं आणि एक उंबर लावला. मी म्हटलं, "आई, याची फळं यायला किती वर्षं लागतील!" त्या म्हणाल्या, "मला कुठे खायचीत?"

आई २०१६ मध्ये गेल्या. त्यांनी आपल्या जांभळाचा पहिला बहर पाहिला, पण तो अगदीच थोडा होता.

तुमच्यासाठी थोडं

मोठ्यांसाठी चार गोष्टी. गाडीतून खाऊ टाकू नका, श्रद्धेनंही नाही. डबे झाकून ठेवा. माकड समोर आलं तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसू नका. त्याला ते आव्हान वाटतं. खाली बघत सावकाश मागे सरका, आणि पिशवी धरलीच तर सोडून द्या. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद-चुना लावून घरी बसू नका. रेबीजशी खेळ नाही.

छोट्या दोस्तांसाठी एक उद्योग. आठ दिवस एक वही करा. तुमच्या गल्लीत वानर, माकड, खार, नाहीतर पोपट, जे कोणी येत असेल त्याची नोंद खिडकीतून करा. किती वाजता आलं? कुठून आलं? काय खाल्लं? कुठे गेलं? आठ दिवसांनी कागदावर तुमच्या गल्लीचा नकाशा काढा आणि त्या वाटा रेघांनी जोडा. जिथे सगळ्या रेघा एकत्र येतात तिथे काय आहे ते बघा. झाड आहे, की कचराकुंडी?

गेल्या जूनची गोष्ट सांगून थांबते. एका सकाळी भोंगा झाला आणि मी सवयीनं छपराकडे कान लावला. धपधप आली नाही. दहा वाजता छत्री घेऊन नाल्याकडे गेले. आईंच्या जांभळावर अख्खी टोळी होती. प्रत्येक फांदीवर कोणीतरी, पिल्लं पार टोकाला, तोंडं जांभळी. खाली बियांचा सडा पडला होता. एक माकडीण गाल भरून पलीकडच्या टेकडीकडे निघाली, पिल्लू पोटाला धरून. ती वर चढून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.

जांभळं संपली तसे दहा-बारा दिवसांनी आमच्या कवेलूंवर पाय पुन्हा वाजले. दोन झाडांनी वर्ष भागत नाही. म्हणून यंदाच्या पावसाळ्यात आम्ही ओळीतली माणसं मिळून त्याच उतारावर आणखी काही झाडं लावणार आहोत: टेंभुर्णी, मोह, बोर, उंबर. वर्षातल्या जितक्या महिन्यांना जमेल तितक्यांसाठी एकेक झाड.

तुमच्या गावच्या माकडांची वाट कुठून कुठे जाते, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या लेखात.